एका दाढेपायी

पोलादपूर,
१२ सप्टेंबर २०२४

ती. येसाजीदादास,
रामाचा साष्टांग नमस्कार. वहिनी आणि तुझी लेक सेजल बऱ्या असतील. इकडे भात निसवायला आलाय, म्हैस व्यायली. मी महिन्याने परवा दवाखान्यातून घरी आलो. गळ्याचं भोक पुरतं मिटलं नाय, त्यावर बोट दाबल्याशिवाय आवाज निघत नाय. म्हणून फोन न करता लिहितोय.

दादा, मला अजून खरं वाटत नाय. खालची दाढ दुखत होती, एवढंच! मेडिकलातून गोळ्या आणून पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी हनुवटीखाली दगडासारखं कडक झालं. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि तुझ्या भावजयीला, सारिकाला म्हणाले, "घरी नेऊ नका. आत्ताच्या आत्ता मुंबई गाठा." महाडला सलाईन लावून अँब्युलन्समध्ये घातलं. पेणच्या पुढे श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. पुढचं आठवत नाय.

बाकीचं सारिकाने सांगितलं. आधी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली. मग मान दोन्ही बाजूंनी चिरली. पू मानेतून उतरून हृदयापाशी गेला होता, छाती उघडून धुवावी लागली. रक्तात साखर चारशे. मला साखर हाय हेच ठाऊक नव्हतं! अकरा दिवस मशीनवर. एका दाढेपायी, दादा.

तिनेच तुला कळवलं. सहा वर्षं मी घरात तुझं नाव काढू दिलं नव्हतं, तरी. तू मुंबईतच, तासाभरात दवाखान्यात पोचलास. डॉक्टर म्हणाले, "वाचतीलच असं सांगत नाही. सही कोण करतंय?" तिचा हात उठेना. सही तू केलीस, अकरा दिवस बाहेर बसलास, आणि मी डोळे उघडले तसा निघून गेलास.

आवाजाचं निमित्त हाय दादा. आवाज असता तरी हे तोंडाने बोलवलं नसतं.

आई गेली तेव्हा तुला फोन लागला नाय, असं मी गावभर सांगितलं. मी लावलाच नव्हता. आदल्या गणपतीतल्या भांडणाचा राग धरून बसलो होतो. ती सकाळी गेली, दुपारी अग्नी दिला. थांबलो असतो तर संध्याकाळपर्यंत तू पोचला असतास. दुसऱ्या दिवशी आलास तर सगळ्यांदेखत मीच बोललो, "आता आलास व्हय?"

सारिकाने तुला वेळेवर फोन लावला, म्हणून मी हाय.

सहीच्या कागदावर नात्याच्या जागी तू 'सख्खा भाऊ' लिहिलंस म्हणे. इथे खाली मी काय लिहू ते सुचत नाय. म्हणून नुसतं नाव.

रामा