अंदाजाने ओढलेला बाण

धायरी,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपालीवहिनी,

नमस्कार. कसब्यात माहेरची सगळी बरी असतील. इकडे आईचा गुडघा तसाच, आणि आमटी तुझ्यासारखी होत नाही ही कुरकुरही तशीच. दादा जेवतो, ताट उचलतो, आत जातो.

हे फोनवर सांगणार होते. तुझा आवाज ऐकला की हवापाण्याचं बोलून ठेवून देते. भित्रीच आहे मी.

माझं काम तुला माहीत आहे. दुकानांचे मेसेज गिऱ्हाइकांना आपोआप पाठवणारी यंत्रणा. तिच्यातली कुठली सोय कुठल्या सोयीवर अवलंबून आहे, याचा नकाशा मी काढते. नुसत्या चौकटी आणि बाण. तू म्हणायचीस, "याचा पगार देतात?"

तर ऐक. बाळाच्या कपड्यांच्या त्या दुकानाकडे तुझा नंबर दादाने दिला नव्हता. मी घातला होता. चाचणीला गिऱ्हाईक लागतं, तेव्हा आम्ही घरचीच नावं घालतो. तुला दिवस गेले होते, मी हरखले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीखसुद्धा घातली.

मग ते सगळं झालं, बाळ गेलं. तुला दवाखान्यातून आणलं, त्याच दिवशी मी तुझ्या नावापुढे 'मेसेज बंद' केलं. माझ्या नकाशात तिथून शुभेच्छांच्या मेसेजकडे बाण होता, म्हणजे त्याही थांबायला हव्या होत्या. तो बाण मी अंदाजाने ओढला होता गं, तपासलाच नव्हता. शुभेच्छा नुसत्या तारखेवर चालत होत्या. तारीख आली आणि तुला 'बाळाच्या आगमनाबद्दल अभिनंदन' गेलं.

तू दादाला विचारलंस, "तुझ्याशिवाय दुकानाला कोण सांगणार?" तो शपथा घेत होता. मी तिथेच कोथिंबीर निवडत बसले होते. निवडतच राहिले. तू बॅग भरलीस, तेव्हा रिक्षासुद्धा मीच बोलावली. लाज वाटते लिहिताना.

तुझं नाव आता यंत्रणेतून पुरतं काढलंय. ऑफिसात चूक कबूल केली. दादाला आज सकाळी सांगितलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, "आधी तिला सांग."

माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी मी काय म्हणणार? पण त्याला फोन कर. मेसेज आला त्या दिवशी सकाळी तो ऑफिसला म्हणून निघाला होता, आठवतं? गेलाच नव्हता. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून रडत होता. तारीख त्यालाही पाठ होती, वहिनी.

क्षमा मागायलाही कचरणारी,
पूर्णिमा