दुपारी वकील कुठे जातो

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. फोनच केला असता, पण तुझ्या बाबांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि माझा आवाज कसा आहे ते तुला ठाऊक आहे. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीआडून लोकांना रांगेत उभं करून करून तो असा झाला. मी हळू बोलले तरी शेजारी ऐकू जातं. म्हणून लिहिते आहे. फक्त मधलं गाळून शेवट आधी वाचू नकोस. जसं घडलं तसं सांगते. माझा मूर्खपणाही त्यात आलाच.

यंदा ऊन असं आहे की दहा वाजता रस्ता ओस पडतो. तळं पार तळाला गेलंय. कुत्री भिंतीच्या कडेला पोटं टेकून पडलेली असतात. आमच्या मंडळानं दोन कामं काढली. सकाळी सहा ते नऊ तळ्यातला गाळ उपसायचा, आणि गावातल्या एकूण एक कुत्र्याला, पाळलेलं असो की बेवारशी, लस टोचून घ्यायची, सावली करायची. मंडळाची प्रमुख यंदा मी. गेली सहा वर्षं तुझे बाबा होते. हात वर करून मतं झाली आणि मला चार हात जास्त पडले. बाबा हसून म्हणाले, "चला, सुटलो एकदाचा." ते हसणं मी घरी नेलं आणि संध्याकाळभर उलटसुलट करून बघितलं. मला काही ते खरं वाटेना. माणूस सहा वर्षांची खुर्ची अशी हसत सोडतो का? झालं, तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला.

मग एकेक दिसायला लागलं. तुझे बाबा समोरून यायचे आणि मान न वळवता निघून जायचे. मी एकदा मुद्दाम थांबले, हातही वर केला. सरळ पुढे. शिलाईच्या दुकानाचं दार दिवसाढवळ्या लोटलेलं, आत दिवा जळतोय, आणि दुपारी मशीनचा आवाज बंद. ज्या माणसाच्या मशीनच्या तालावर माझी दुपारची झोप लागायची, तो दुपारी करतो तरी काय?

लसीकरणाच्या वेळी तर कहर झाला. कुत्र्यांसाठी कापडी पट्टे शिवायचं काम मी त्यांनाच दिलं होतं. लस झालेल्याला निळा, राहिलेल्याला काळा. त्यांनी निळ्याच्या गठ्ठ्यात काळे आणि काळ्याच्या गठ्ठ्यात निळे कालवून पाठवले. घाईत आम्ही गठ्ठ्यावर विसंबून बांधत गेलो आणि अर्धी कुत्री चुकीचा पट्टा घालून पसार झाली. गुरांचे डॉक्टर माझ्यावर सगळ्यांदेखत तडकले. सावलीसाठी शिवलेलं छत उघडलं तर शिवण अशी वाकडीतिकडी की पहिल्याच वाऱ्यात टराटरा उसवलं. चिमणे, ज्या हातानं तुझा शाळेचा गणवेश शिवला, त्या हातची शिवण वाकडी? मी म्हटलं, हे मुद्दाम आहे. माझं हसं व्हावं म्हणून आहे.

आणि मग वकील. तू मागच्या सुट्टीत ज्याच्या पायातला काटा काढलास तो माझा कुत्रा. सदा वाद घालत असतो म्हणून ते नाव. तो रोज दुपारी दोनच्या सुमारास नाहीसा व्हायला लागला. चारला परत यायचा तो जीभ लोंबवत, पाय धुळीनं माखलेले, आणि पोट भरलेलं, म्हणजे माझ्या ताटलीकडे ढुंकूनही बघायचा नाही. एक दिवस त्याच्या छातीवरचे केस आडव्या पट्टीत दबलेले दिसले. हात फिरवला तर केसांत जाड दोऱ्याचा तुकडा. तसला दोरा गावात एकाच घरात मिळतो. त्याच आठवड्यात किराणा दुकानदार सहज बोलून गेला, "शिंप्यानं कुत्रं पाळलं का हो? रोज बिस्किटांचा पुडा नेतोय." दोन वर्षांपूर्वी याच माणसानं वकील फार भुंकतो म्हणून माझ्याकडे तक्रार केली होती. आता गोडीगुलाबीनं नेऊन बांधून ठेवतो आहे. उद्या गाडीत घालून कुठे सोडून आला तर?

मी विचारायला जायला हवं होतं. एका भिंतीचं तर अंतर. पण संशयाला पुरावे गोळा करायची चटक लागते. मी गेले नाही. रविवारच्या बैठकीत, सगळं मंडळ बसलेलं असताना, मी म्हणाले, "दुसऱ्याचं कुत्रं फूस लावून नेणाऱ्याच्या हातचं काम मंडळाला नको." नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तुझे बाबा उठले, भिंतीला हात लावत दारापाशी गेले, आणि मंडळातल्या प्लंबरच्या चपलेत पाय घालून चालू लागले. एक स्वतःची, एक त्याची. सगळे खो खो हसले. मीही हसले. मला वाटलं, रागानं भान सुटलं आहे.

दुसऱ्या दिवशी दीड वाजल्यापासून मी तळ्याच्या बांधावर पंपाच्या खोलीआड उभी राहिले. डोक्यावर लाल छत्री. चोर पकडायला निघालेलं माणूस लाल छत्री घेऊन जात नाही, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं. दोन वाजून गेले आणि बांधाच्या टोकाला दोघं दिसले. वकिलाच्या छातीला जाड कापडाचा पट्टा, पट्ट्याला वर उभी मूठ, आणि मुठीवर तुझ्या बाबांचा हात. ते पावलं मोजत होते. "अठ्ठावीस, एकोणतीस. आता पायरी ना? शाब्बास, वकीलसाहेब." खिशातून बिस्किटाचा तुकडा काढून दिला. मी रागारागानं आडोशातून बाहेर आले आणि बांधाच्या मधोमध उभी राहिले. भर उन्हात, लाल छत्रीखाली. ते चालत चालत चार हातांवर आले आणि माझ्याकडे बघून, चिमणे, माझ्यातून पलीकडे बघून, तसेच पुढे येत राहिले.

वकील थांबला आणि शेपूट हलवायला लागला. बाबांनी विचारलं, "कोण आहे?" मी छत्री मिटली. त्यांनी पुन्हा विचारलं, "कोण आहे तिथे?" चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घाबरलेला होता. मी म्हटलं, "मी आहे." त्यांनी सदरा सारखा केला आणि म्हणाले, "ऊन फार आहे नाही आज?"

आम्ही झाडाखाली बसलो. उजवा डोळा वर्षापूर्वीच गेला म्हणाले. काचबिंदू. डाव्यानं बोगद्यातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, ऊन प्रखर असलं की तेही नाही. दुकानात दिवा लावूनही निळा आणि काळा वेगळा कळत नाही. पट्टे त्यांनी चार चार वेळा दिव्याजवळ धरून लावले होते. कामाचं ओझं गेलं म्हणून मतदानाच्या दिवशी खरोखरच सुटल्यासारखं वाटलं होतं. वकील एकदा दारात आला, त्याच्या पाठीवर हात ठेवून ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि न अडखळता परत आले, म्हणून मग हा पट्टा शिवला. दुपारी रस्त्यावर कुणी नसतं, पडलं तरी बघायला कुणी नाही. "तुमचं कुत्रं न विचारता नेलं, ते चुकलंच," म्हणाले. बैठकीचा विषय काढला नाही. मीच माफी मागितली. तर म्हणतात कसे, "तुम्हाला माझा राग आला ते बरंच झालं, कीव तर आली नाही."

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. गावात कुणाला सांगायचं नाही, आणि तुला तर नाहीच. "तिची आई आजारी पडली तेव्हा पोरीनं कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडलं. दोन वर्षं घालवली. आता कुठे मार्गी लागली आहे. हे कळलं तर पहिल्या गाडीनं येईल आणि परत जायची नाही." मी शब्द दिला. त्यापायी माझी पंचाईत अशी की मंडळासमोर त्यांच्यावरचा आळ उतरवायचा कसा? पुढच्या रविवारी उभी राहिले आणि सांगितलं की कुत्रं फिरवायला मीच दिलं होतं, देऊन विसरले. तेव्हापासून प्लंबर माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलतो आणि पंपाच्या खोलीची किल्ली त्यानं स्वतःकडे ठेवून घेतली आहे. ठेवू दे. तुझ्या बाबांकडे आता कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही, तेवढं पुरे.

मंगळवारी मी हट्टानं त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. गेलेलं येणार नाही, पण याच महिन्यात शस्त्रक्रिया केली तर डाव्यात आहे तेवढं टिकेल. नाही केली तर तेही जाईल. परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, करायची नाही. महिनाभर दर दोन तासांनी थेंब घालायचे, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हे कुणाच्या जिवावर? मी म्हटलं, मी मेले आहे का? तर गाव येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले. खिडकीबाहेर त्यांना काही दिसत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून हा शब्द मोडते आहे. मी त्यांना न सांगता शस्त्रक्रियेसाठी एकोणीस तारीख घेतली आहे. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. चार दिवसांची रजा काढून ये, फक्त चार. नोकरी सोडायचा विचार मनात आणलास तर स्टँडवरूनच परत पाठवीन. थेंब मी घालीन, स्वयंपाक मी करीन, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ आहे. आधी फोन करून रडू नकोस, आणि आल्यावर अचानक आले असंही सांगू नकोस. त्यांच्यापासून आता काही लपवायचं नाही. ते मला विचारतील, "तिला तुम्ही कळवलंत का?" मी हो म्हणणार आहे.

तुझीच, भिंतीपलीकडची,
मावशी