इस्त्रीची फळी

बबडे,

मी तुझ्या आत्याकडे जातेय, रात्रीच येईन. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. इंजिनियरिंगची शाखा आज संध्याकाळपर्यंत कळवायची आहे हे माझ्या लक्षात आहे, म्हणून तर निघाले. काल तू पुन्हा विचारलंस, "आजी, तू तरी सांग, कमी फी आणि बरा पगार कशात आहे?" आणि मी भांडी आवरायचं सोंग केलं.

तू ज्या फळीवर इस्त्री करतेस ना, तो माझा ड्रॉइंग बोर्ड. नकाशे शाईने गिरवणाऱ्याला कधी मरण नाही, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. मग नकाशांच्या प्रती काढणारं यंत्र आलं आणि माझं काम गेलं. तुझ्या बाबाने चार जाणत्यांना विचारून टीव्ही दुरुस्तीचं शिक्षण घेतलं. आज टीव्ही तपासायच्या त्याच्या मीटरच्या पेटीवर आपली कुंडी आहे आणि तो दुसऱ्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. त्याचं चुकलं काहीच नव्हतं गं.

आता बाबा म्हणतो कॉम्प्युटर घे. शेजारचे सर म्हणतात, त्यात आता राम नाही, इलेक्ट्रिकल घे. दोघंही अगदी खात्रीने बोलतात. तेव्हाही सगळे असेच बोलायचे.

मला पुढचं काही दिसत नाही, बाळा. सरकारी कॉलेजात मिळेल ते घे, निदान फीचं ओझं राहणार नाही. फक्त शिकण्यासाठी जे सामान घेशील ते भक्कम घे. पुढे घरात उपयोगी पडतं.

आजी