रहमतबीच्या मनातलं

३ नोव्हेंबर
सुरभीनं पुण्याहून मेंदूवरचं पुस्तक पाठवलंय. लेकीला अजून आईची आवड आठवते. माणसाचा मेंदू म्हणे चार माणसांत राहण्यामुळे वाढला. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखता ओळखता, लाखो वर्षांत. मला नवल वाटलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दरवर्षी मलाच मॉनिटर करायच्या, ते उगाच नाही. संकल्प: रोज एक माणूस वाचायचा. सुरुवात समोरच्या रहमतबीपासून. बावीस वर्षांची मैत्रीण, सोपा पेपर.

५ नोव्हेंबर
दिवाळीच्या चिवड्याचा डबा रहमतबीनं आज परत पाठवला. धुऊन पुसून, रिकामा. बावीस वर्षांत आमच्यात भांडं रिकामं फिरलं नव्हतं. काही नसलं तर चार लिंबं तरी. पुस्तक उघडलं. माकडं एकमेकांच्या उवा काढतात, त्यावर त्यांची मैत्री टिकते. निदान: रुसली.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
कारण सापडलं. सुरभीच्या प्रमोशनचं मी तिला दोनदा सांगितलं. हेवा. आमचे हे म्हणाले, जाऊन इचारत काहून नाही? विचारूनच कळायचं, तर एवढा मेंदू कशाला?

९ नोव्हेंबर
खिडकीतून हात केला. तिनं थेट माझ्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही. पूर्वी माझ्या जिन्यावर दोघी गहू निवडत बसायचो, दुपार कधी सरायची कळायचं नाही. रडू आलं. पण आधी तिनंच यायला हवं. चार दिवसांत येईल.

१४ नोव्हेंबर
आली नाही. म्हणजे येण्याच्या बेतात आहे. आजपासून पडद्याआडून निरीक्षण.

१७ नोव्हेंबर, दुपार
समोर ऑटो. तिचा उमरखेडचा मुलगा अफरोज पेट्या चढवतोय. निष्कर्ष: चार दिवस लेकाकडे जातेय आणि मला मुद्दाम सांगत नाहीये. मी धावत खाली यावं म्हणून. नाही गेले.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
हे खाली होते. आता वर येऊन सांगितलं. रहमतबीला काचबिंदू. महिनाभर दिसतच नव्हतं, आता दिसणारही नाही. तिची चूल कधीच बंद झाली होती. मला सांगायला दोनदा जिन्यापर्यंत आली, पायऱ्या कळेनात म्हणून परत गेली. अफरोजनं कायमची नेली. घर विकायला काढलंय.

ऑटोत बसताना तिनं त्याला विचारलं म्हणे, "ताई खिडकीत हाय का रे? मले तं काही दिसून नाही राह्यलं."

अफरोजनं वर पाहिलं आणि नाही म्हणाला.

मी पडद्यामागे होते. तिच्या मनात काय असेल, ते लिहीत.