सोमवारी दहा वाजता फोन येईल

मंगळवार, १२ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. गुडघ्याला खरंच शेक देतेस, की दिला म्हणून आतोबांना नुसतं सांगतेस? मी बरी आहे. घरमालकीणबाईंनी अखेर नळ दुरुस्त करून घेतला. आता तो ठिबकत नाही, नुसता कण्हतो.

काम नेहमीचंच. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे धुऊन येतात, मी ते यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावते, दुहेरी कापडात गुंडाळते, पट्टी चिकटवते आणि वाफेच्या यंत्राकडे पाठवते. पट्टीवरच्या रेघा काळ्या पडल्या की समजायचं, निर्जंतुक झालं. खिडकीजवळच्या टेबलावर उजेड चांगला येतो. तुझ्या अर्जामुळे मिळालेली जागा, त्यामुळे तिथं बसताना तुझी आठवण होतेच.

एक छोटीशी गोष्ट. सोमवारी सकाळी दहाला आमच्या हॉस्पिटलातून एका बाईंचा फोन येईल. घाबरू नकोस. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांची चौकशी चालली आहे, सगळ्यांचीच. त्या विचारतील त्याला हो म्हण, म्हणजे झालं. फोन शक्यतो तूच उचल. आतोबांना तेवढ्या वेळापुरतं कुठं बाहेर पाठवता आलं तर बरं.

तब्येतीला जप.

तुझी,
भाची


गुरुवार, १४ मार्च

आत्या,

मंगळवारचं पत्र हातात पडलं असेल तर ते बाजूला ठेव. त्यातला नळ खरा आहे, काम खरं आहे. फोनबद्दल लिहिलं ते खोटं आहे. पेटीत टाकलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय हरवलं, बाळ?" मी म्हटलं, "काही नाही." हे आणखी एक खोटं.

मी सिगारेट ओढते. चार वर्षं झाली. दिवसाला सात. सिगारेट सोडण्यासाठी हॉस्पिटलात फॉर्म भरला, त्यावर आधी पाच लिहिलं होतं, मग अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन पाचाचे सात केले.

आता तू चष्मा काढून पुसत असशील. पूस. मी थांबते.

माझी छाती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इतर मुलं शाळेत जायची तेव्हा मी उशांना टेकून तुझ्याजवळ शुद्धलेखन करायचे, कारण जरा धूळ लागली तरी छाती शिट्टी वाजवायची. चार वर्षं तू एकटी माझी शाळा होतीस. पाढा म्हणताना दम लागला की तू म्हणायचीस, "थांब, सातचा पाढा कुठं पळून जात नाही." ती छाती तू वाचवलीस आणि तिच्यात मी दिवसातून सात वेळा हे करते. यावर मी स्वतःची काहीच बाजू मांडत नाही. फक्त कसं झालं ते सांगते.

नोकरीला लागून दोन महिने झाले होते. मी लावलेल्या एका ट्रेमध्ये एक चिमटा कमी निघाला. ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच लक्षात आलं, कुणाला काही झालं नाही, चिमटा शेजारच्या ट्रेमध्ये सापडला. आमच्या विभागाच्या साहेबबाई फक्त "जपून गं" एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून बांधलेला ट्रे मला पुन्हा उघडून बघावासा वाटायला लागला. उघडायचा, मोजायचा, बांधायचा. पुन्हा उघडायचा. एकदा पाच वेळा उघडला आणि सहाव्यांदा रडू आलं. आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई, तिला सगळे मावशी म्हणतात, तिनं मला मागच्या अंगणात नेलं, सिगारेट दिली आणि म्हणाली, "ही संपेपर्यंत ट्रे तुझा. संपली की ट्रे यंत्राचा." आत्या, त्या दिवशी पहिल्यांदा मी ट्रे न उघडता घरी गेले.

म्हणून मला भीती तलफेची वाटत नाही. सिगारेट नसली तर ट्रे बंद झाला हे मला कळणार कसं, याची वाटते. अजून सोडलेली नाही, तरी भीती आतापासूनच. मावशी म्हणते, "तू ना, नापास होशील म्हणून परीक्षेच्या आधीच गुणपत्रिका फाडणारी आहेस."

आता सगळ्यात वाईट. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आले होते तेव्हा तू माझा स्कार्फ घडी करता करता हुंगलास. "हा कसला गं वास?" मी म्हटलं, बॉयलरचा. माझं टेबल मागच्या दाराशी आहे, धूर आत येतो. तुला पटलं, मला वाटलं सुटले. आणि तू आठवड्याच्या आत साहेबबाईंना चार पानी अर्ज धाडलास, माझ्या लहानपणच्या प्रत्येक आजारपणाच्या तारखांसकट. साहेबबाईंनी तो वाचून नाक शिंकरलं आणि मला खिडकीजवळ बसवलं. दाराजवळ कुणाला बसवलं असेल? मावशीला. तिथं धूर खरंच येतो, मी तेवढं खोटं बोलले नव्हते. दोन वर्षं ती माझ्या खोट्यात बसली आहे. काल तिला सगळं सांगितलं आणि माझं स्टूल उचलून दाराजवळ नेलं. ती म्हणाली, "अगं बये, सोडायच्या आठवड्यात धुरात बसणार? डोकं ठिकाणावर आहे का? ठेव ते जागेवर. मी तर पैसे देऊन धूर घेते, हा फुकटचा आहे." मी साहेबबाईंकडेही गेले. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून आळीपाळीनं बसा दोघी. आणि आत्यांना तूच कळव. मी नाही कळवणार."

फोनचं असं आहे. हॉस्पिटलात व्यसन सोडवणाऱ्या एक बाई बसतात. त्यांनी मला सोडायला सोमवार ठरवून दिलाय. घाबरं झालं तर काय करायचं ते त्या शिकवत होत्या: टेबलावर कागदाचा कपटा आहे असं समजा आणि तो उडणार नाही, नुसता सरकेल, इतका हळू श्वास सोडा. मी करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला येतंय की! कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आत्यानं," आणि मला हुंदकाच आला. त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला आणि फॉर्मची शेवटची ओळ दाखवली. 'जिच्याशी तुम्ही खोटं बोलू शकत नाही अशी एक व्यक्ती.' मी तुझं नाव लिहिलं. क्षणभरही विचार केला नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, मी सगळ्यात जास्त खोटं तुझ्याशीच बोलले आहे. ती ओळ फॉर्मवर चुकीची आहे, आणि ती खरी करायला माझ्याकडे एवढं एकच पत्र आहे.

फॉर्मवर जिचं नाव असतं तिलाच त्या फोन करतात. तुला विचारतील, भाचीला ओढावीशी वाटली आणि तिनं वेळीअवेळी फोन केला, तर तुम्ही उचलाल का? हो म्हणच असं मी मंगळवारी लिहिलं होतं, ते खोड. तुला वाटेल ते सांग. नाही म्हणालीस तरी मी समजेन. म्हणजे, समजायचा प्रयत्न करेन.

शेवटची सिगारेट रविवारी संध्याकाळी. 'मी सोडणारच' असं लिहायला घेतलं होतं, पण मला माहीत नाही ते या पत्रात नको. सोमवारी सकाळी ओढणार नाही, दहापर्यंत तरी नक्की, एवढं माहीत आहे. तेव्हा मी त्या बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर असेन. दार जाड आहे, आतलं काही ऐकू येत नाही. राग आला तर त्या बिचारीला ऐकवू नकोस, मला आत बोलवायला सांग. मी फोन घेईन आणि संपेपर्यंत ऐकेन.

तुझ्या रागासकट तुझीच,
भाची