सापुताऱ्याला, मित्रांसोबत

८ एप्रिल २००७, रविवार
तृप्ती दुपारच्या गाडीने पुण्याला परत गेली. जाताना तिचा जुना कॉम्प्युटर इथे लावून दिला आणि मला ऑर्कुटवर बसवलं. आता रोज फोन नको म्हणाली, इथेच लिहीत जाऊ. मला पटलं. रोजचा फोन मी काही माझ्यासाठी करत नव्हतो. तिची आई आशा गेल्यापासून पोरीला एकटं वाटू नये म्हणून करायचो.
पानावरची माहिती तिनेच भरली. जन्मतारीख कोणती टाकू म्हणाली. एक जून टाक म्हटलं, गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाची तीच लावली होती. खरा जन्म चंपाषष्ठीचा, पण कॉम्प्युटरला तिथी कळत नाही.
संकल्प: रोज दहा मिनिटं. सातपूरच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं, व्हीआरएस घेईपर्यंत एक विडी ओढली नाही. व्यसन लागणारा माणूस मी नव्हे.

११ एप्रिल
एक सोय सापडली. आपलं पान कोण बघून गेलं, त्यांची नावं दिसतात. आपण कुणाचं बघितलं की तिकडे आपलं नाव उमटतं. नाव उमटायला नको असेल तर सोय बंद करता येते, पण मग आपल्यालाही कुणाचं दिसत नाही. चोख व्यवहार. मी चालूच ठेवली.
आज यादीत एकच नाव. तृप्ती. काही लिहिलं नाही, नुसती येऊन गेली. एक पोळी जास्त खाल्ली.

२६ एप्रिल
तृप्ती आज नाही. कामात असेल. मी दिवसातून दोनदाच बघतो. सकाळचं, म्हणजे उठल्यावर, चहानंतर आणि आंघोळीनंतरचं, एकच धरायचं.

९ मे
शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, भाऊ, हल्ली खाली दिसत नाही, बरं आहे ना? इंटरनेटवर असतो म्हटलं. तिथे जेवायला घालतात का, म्हणाल्या. बाईंना बोलायची सवय आहे.
पानावर आवडीनिवडीत 'वाचन' एवढंच होतं. एवढ्यावर कोण फिरकणार? पोहणे आणि ट्रेकिंग घातलं. खोटं नाही. शाळेत असताना निफाडला कालव्यात पोहायचो, आणि कालव्यापर्यंत चालत जायचो.

१ जून
वाढदिवस. भरपूर शुभेच्छा. वर्गातल्या निम्म्यांचा आजच असल्यामुळे सगळे एकमेकांना देत सुटलेत. पिंपळगावच्या चिमाजीने लिहिलं, 'सावळ्या, गुरुजींनी एका दिवसात आख्खी शाळा बाळंत केली.' हे आता सगळ्या जगाला दिसतंय.
तृप्तीने लुकलुकणारा केक पाठवला. सुरेख आहे. पण हिला माहीत आहे ना माझा खरा दिवस कोणता? आशा त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मला ओवाळायची, ही शेजारी निरांजन धरून उभी असायची. आता साइट सांगते तोच दिवस. असू दे. काळाबरोबर चालावं.

१८ जून
यादीत तृप्ती नाही. पंधरवडा झाला असेल. नाव नसलं की आजकाल छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं. उकाडा फार आहे.

६ जुलै
पानावर लिहिलं, 'बरं वाटत नाही.' काही हेतू नव्हता. दुपारी तृप्तीचा फोन. किती घाबरली होती. बराच वेळ बोललो. तिच्या मैत्रिणीने वाचलं असावं आणि तिला सांगितलं असावं. छाती एकदम मोकळी.

१४ जुलै
'अशक्तपणा आहे' असं लिहिलं. फोन आला.

२३ जुलै
'जगण्यात राम नाही' असं लिहिलं. फोन आला, पण आवाज वेगळा. म्हणाली, "बाबा, असं वाचलं की मी आधी फोनकडे धावते. दिवसभर काम होत नाही." मग हळूच सांगितलं की कंपनी तिला दोन वर्षं अमेरिकेला पाठवायचं म्हणतेय. वर्षअखेरीपर्यंत उत्तर हवंय. "तुम्ही असे असताना हो कशी म्हणू?"
मी म्हटलं, माझा विचार करू नकोस, खुशाल जा. मनापासून म्हटलं. मनापासून म्हणजे मोठ्याने.

२४ जुलै
रात्रभर विचार केला. पोरीला बांधून ठेवणारा बाप मला व्हायचं नाही. शिवाय रडणाऱ्याकडे माणसं औषध घेऊन येतात, राहायला येत नाहीत. माणसं जातात जिथे मजा चाललेली असते तिथे. आपण मजेत दिसलो तर तिलाच वाटेल, नाशिकला जाऊन बघावं तरी. मग अमेरिका आपोआप मागे पडेल.
संकल्प: आजपासून पानावर फक्त आनंद.

१२ ऑगस्ट
'मित्रांसोबत सोमेश्वर. धबधबा, कणसं, धमाल.' गेलो होतो खरा. कणीसवाल्याशी बराच वेळ बोललो. त्याला मित्र म्हणायला हरकत नाही.
यादी: तृप्ती नाही.

३० सप्टेंबर
'पिंपळगावला चिमाजीच्या द्राक्षबागेत पार्टी' असं लिहिलं. संध्याकाळी चिमाजीचाच फोन. "कुठली पार्टी रं? माझ्या बागेत, अन् मलाच आवतान नाय?" पुढच्या वेळी सांगतो म्हटलं.

१० नोव्हेंबर
दिवाळी. तृप्तीला रजा मिळाली नाही. 'यंदा घर पाहुण्यांनी भरलंय' असं लिहिलं. कमळाबाईंनी चकल्या आणून दिल्या, दोन मिनिटं बसल्या.
जूनपासून तिने माझं पान उघडलेलं नाही. एवढा आनंद कुणासाठी लिहितोय? अर्थात मी तो स्वतःसाठीच लिहितो. जेवणाकडे लक्ष नाही. दुपारभर झोपतो आणि उठल्यावर आधी यादी बघतो.

१३ डिसेंबर
परवा चंपाषष्ठी. मी आठवण करून देणार नाही. साइटला फक्त एक जून माहीत, म्हणजे तिलाही तेवढंच. मग वाट बघत कशाला बसायचं? पानावर लिहून टाकलं, 'शनिवार-रविवार सापुताऱ्याला, मित्रांसोबत. मोबाइलला रेंज नसेल.' कळू दे, बापालाही जग आहे.

१५ डिसेंबर, शनिवार
सापुताऱ्याला असल्यामुळे आज घराबाहेर पडता आलं नाही.
पडदे ओढले. मोबाइल बंद. दारातल्या चपला आत घेतल्या. खोटं करायचं तर नीट करावं, ही स्टोअरची शिस्त. सकाळी घरातला फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. उचलणार कसा? दोनदा हात गेला होता.
कमळाबाई वांगी भाजत होत्या. वास भिंतीतून येतो. मी दूध-बिस्किटं खाल्ली. कॉम्प्युटर उघडला नाही, याची नोंद असावी.

१६ डिसेंबर, रविवार
संध्याकाळी सापुताऱ्याहून परत आलो. पिशवी घेऊन गुपचूप खाली उतरलो, चौकापर्यंत गेलो आणि आवाज करत वर आलो. कमळाबाई दारातच होत्या.
"भाऊ, काल तुमच्या तृप्तीचा फोन होता माझ्याकडे. चंपाषष्ठी म्हणून निघाली होती पोरगी. एसटी स्टँडवर उभी होती."
तिकीट तिने आधीच काढलं होतं. शुक्रवारी ऑफिसात सापुताऱ्याचं वाचलं, तरी सकाळी पुण्याच्या स्टँडवर आली. मी फोन उचलला तर गाडीत बसणार होती. मी उचलला नाही. मग कमळाबाईंना विचारलं, बाबा खरंच गेलेत का.
"मी बघून आले. दार बंद, बाहेर चपला नाहीत. गेलेत म्हटलं. चुकलं का माझं?"
नाही म्हटलं. चुकलं नाही.
त्यांनी भरीत-रोडगा झाकून ठेवला होता. तिनेच ठेवायला सांगितला होता, परत आले की द्या म्हणून.

१७ डिसेंबर
तृप्तीचा फोन. आवाज मोकळा होता, बऱ्याच दिवसांनी. मी म्हटलं, तू तर माझं पान बघतही नाहीस, जूनपासून तुझं नावच नाही.
"रोज बघते, बाबा. ऑफिसात गेल्या गेल्या आधी तुमचं पान." त्या यादीत तिला ऑफिसातल्या नको त्या लोकांची नावं दिसायला लागली होती, त्यांना तिचं. म्हणून जूनमध्ये ती सोय बंद केली. माझ्या लक्षात कसं आलं नाही? पहिल्याच आठवड्यात मीच समजून घेतलं होतं.
म्हणजे सोमेश्वर तिने वाचलं. बाग वाचली. दिवाळीचे पाहुणे वाचले.
आज सकाळी तिने कंपनीला हो सांगितलं. फेब्रुवारीत जाणार. "तुम्ही माणसांत रमलात, म्हणून हो म्हणाले. नाहीतर मी नसते गेले."
मी अभिनंदन केलं. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. तेवढा वेळ होता.
मग म्हणाली, "सापुताऱ्याला थंडी होती का?"
होती म्हटलं.
"स्वेटर घातला होता ना?"
घातला होता.
ठेवताना म्हणाली, सापुताऱ्याचा सगळ्या मित्रांसोबतचा एक फोटो पाठवा. अमेरिकेतल्या खोलीत भिंतीवर लावणार आहे.

१८ डिसेंबर
चिमाजीला विचारलं, सापुताऱ्याला येतोस का. बागेत औषधं मारायचे दिवस आहेत, म्हणाला, आता येता येनार नाय.
उद्या सकाळची एसटी. कॅमेरा कमळाबाईंच्या जावयाचा मिळाला. सीबीएस स्टँडवर चौकशी केली, संध्याकाळची परतीची गाडी आहे. स्वेटर काढून ठेवलाय.
फोटो काढायला तिथे कुणालातरी सांगेन. जमलं तर शेजारी उभं राहायलाही.