हेन्री जेम्सचे वडील

शनिवार, ६ नोव्हेंबर २००४. दुपारी ३.४०
रेकॉर्ड ऑफिस, मशीन नं. ७. १८६१ च्या जनगणनेची फिल्म फिरवतोय. हँडल उजवीकडे फिरवलं की गाव पुढे सरकतं, डावीकडे फिरवलं की मागे. आत पेनला बंदी, म्हणून हे पेन्सिलीने. घरी गेल्यावर शाईने उतरवीन.
हॅचेट अजून नाही. हॅरिसची चार घरं, हॉकिन्सची दोन. लिहिणाऱ्याचं अक्षर इतकं गिचमिड की एक पान तीनदा वाचलं.
बस ५.१५ ला. मान धरली आहे.

रवि. ७ नोव्हें.
शेजारच्या रॉन हॅचेटनी कुंपणावरून विचारलं, "काय नेड, भेटला का आमचा म्हातारा?" निनाद त्यांच्या जिभेला जमत नाही. नाही म्हणालो. "घाई नाही. मी कुठे चाललोय?" मग बराच वेळ खोकत राहिले.
घाई आहे. वय ब्याऐंशी. मूळ गावच्या चर्चच्या आवारात पुरलं जावं एवढी एकच इच्छा. लहानपणी वडील तिथे नेऊन दाखवायचे, या यूच्या झाडाखाली आपली माणसं आहेत म्हणून. दगड एकही नाही. शेतमजुरांना दगड कोण लावणार. तिथल्या धर्मगुरू, व्हिकरबाई, म्हणतात, जागा थोडी उरली आहे. ती गावात राहणाऱ्यांना, नाहीतर ज्यांची माणसं इथे आहेत त्यांना. रॉन पन्नास वर्षं बेसिंगस्टोकमध्ये. काहीतरी कागदावर आणा, म्हणाल्या.
मुलगा कीथ ऑस्ट्रेलियात. तो म्हणतो क्रिमेशन करू, सुटसुटीत.
तर कागदाचं काम माझ्याकडे. "कचऱ्याच्या बिनच्या यादीवर तुझं अक्षर बघितलंय मी." हे माझं क्वालिफिकेशन.
नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांनी मला गाडी शिकवली. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण शेजारी बसून एकदाही ओरडले नाहीत. दोनदा नापास झालो त्यात त्यांचा दोष नाही.

शुक्र. १२ नोव्हें. लक्ष्मीपूजन
सापडला!!
जेम्स हॅचेट, ४४. बायको ॲन. मुलगा हेन्री, ८. धंदा : ॲग लॅब.
घरी येऊन दीपालीला सांगितलं. ती म्हणाली, "ॲग लॅब? शेतीची प्रयोगशाळा का रे?" ॲग्रिकल्चरल लेबरर, बाई. शेतमजूर. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं, ते सांगितलं नाही.
साखळी अशी : रॉन, वडील फ्रेड, आजोबा ॲल्बर्ट. फ्रेड आणि ॲल्बर्ट दोघंही दुसरीकडे पुरलेले. ॲल्बर्टच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव हेन्री जेम्स हॅचेट. तो वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी घरात, वारला, कुठे पुरलं माहीत नाही. म्हणून त्याच्या बापापर्यंत जायचं होतं. तो हा जेम्स.
चकल्या घेऊन रॉनकडे गेलो. बातमी ऐकली, चकली हातातच राहिली. म्हणाले, "जेम्स. बरं नाव आहे."
दी.च्या आईचा फोन. नेहमीचाच प्रश्न, जावई सध्या काय करतात. दी. म्हणाली, "संशोधन." तिकडे एकदम शांतता. आम्ही दोघं हसलो. बी.कॉम. सेकंड इयरला सोडलं हे त्यांना विसरायचं नाही. सकाळी सुपरमार्केटच्या फळ्या भरतो हे सांगायचं नाही.

शनि. २७ नोव्हें.
गेल्या शनिवारी दफनाच्या रजिस्टरमध्ये जेम्स मिळाला. याच आवारात, वय ७२. लगेच रजिस्टर परत केलं.
तक्ता ए-थ्री कागदावर केला. आमच्या काकांनी घराण्याची वंशावळ केली होती तशीच आखणी. वर मूळ पुरुष, खाली खाली बाकीचे. चार वेळा आखला, तिसरा चांगला होता पण त्यावर चहाचा थेंब पडला.
आज रॉनबरोबर बसने गावाला. व्हिकरबाई तक्ता खिडकीशी नेऊन वाचत होत्या. "सुंदर काम." मग रॉनना, "यूच्या बाजूला, भिंतीलगत. चालेल?" रॉननी मान हलवली.
परतीच्या बसमध्ये म्हणाले, "मला जाळलेलं नको होतं, नेड." मग एकदम माझ्याकडे बघून, "तुला उद्देशून नाही हं." म्हटलं, आमच्याकडे सगळे तसेच जातात, बाबाही गेले. "आणि मग? तुम्ही भेटायला कुठे जाता?"

शनि. ११ डिसें.
हेन्रीच्या लग्नाचा दाखला मागवला होता. अजून नाही.
दी. : "काम झालं ना? मग आता कशाला सात पौंड?"
फाइल पूर्ण असावी म्हणून.
रॉननी तक्त्याला फ्रेम केली. अठरा पौंड! मला काढू दिले नाहीत. टीव्हीच्या वर लावला आहे. खिळा जरा उजवीकडे गेलाय.

सोम. २० डिसें.
दाखला आला.
वर : हेन्री जेम्स हॅचेट, २०, मजूर. वराचे वडील : विल्यम हॅचेट, मेंढपाळ.
विल्यम.
दाखला चुकीचा असेल. हेन्री दुसरा असेल. पण वधूचं नाव ॲल्बर्टच्या आईचंच आहे, गावही तेच.
जेवलो नाही.

मंगळ. २१ डिसें.
दी.ला शेवटी दाखवलं. तिने विचारलं, "पण जेम्स कुठून काढलास तू?"
"नावातच आहे. हेन्री जेम्स हॅचेट. जेम्सचा मुलगा."
आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "अरे निनाद, इथे मधलं नाव वडिलांचं नसतं."
मला माहीत आहे ते! तीन वर्षं झाली या देशात. रॉनचं पूर्ण नाव रोनाल्ड आर्थर, वडील फ्रेड. तक्त्यात मीच लिहिलंय, माझ्याच हाताने, एकाखाली एक. आणि दिसलं नाही. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं भरत आलो, तोच हात चालला.
दी. : "चूक कोणाचीही होते."
कोणाचीही झाली नाही. माझी झाली. आणि परवानगी त्याच कागदावर मिळाली आहे.

शनि. ८ जाने. २००५
सुट्ट्यांनंतर रे.ऑ. आज उघडलं. दफनाचं रजिस्टर पुन्हा मागवलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं.
हेन्री, जेम्स व ॲन हॅचेट यांचा मुलगा. वय ११.
अकराव्या वर्षी गेलेलं पोर मी रॉनना पणजोबा म्हणून दिलं.
गावात एकाच वयाचे दोन हेन्री होते. मी पहिला दिसला तो उचलला.
विल्यमचं दफन नाही. एक विल्यम आहे, तीन महिन्यांचा.

शनि. १५ जाने.
विल्यम नाही. शेजारच्या तिन्ही गावांच्या फिल्म पाहिल्या. मेंढपाळ मालक बदलतील तसे गाव बदलायचे, असं काउंटरवरची बाई म्हणाली. म्हणजे कुठेही असू शकतो. हॅचेट, हॅचट, हॅचर्ड, सगळी स्पेलिंग बघितली. पाच तास. डोळ्यांतून पाणी. एका जागी W. H. मेंढपाळ असं दिसलं, उठून उभा राहिलो, तो हॉवर्ड निघाला.
रॉन हॉस्पिटलमध्ये. छाती.

रवि. २३ जाने.
भेटायला गेलो तर व्हिकरबाई तिथेच. म्हणाल्या, तुमचा तक्ता मार्चच्या चर्चच्या मासिकात छापू या का? रॉन खूश. "नेडचं नाव मोठ्या अक्षरात टाका."
मी म्हणालो, बघतो.
बघतो!!
बाहेर पार्किंगमध्ये दी.ला फोन. "सांगू का त्यांना?" "सांगच." "ऑक्सिजन लावलाय गं." "मग आत्ता नको." थोड्या वेळाने, "नाही, सांग. नंतर सांगायचं राहून गेलं तर तू जन्मभर डोकं खाशील माझं."
परत वर गेलो. व्हिकरबाई गेल्या होत्या. सांगितलं. सगळं, मधल्या नावासकट.
रॉन छताकडे बघत होते. मग, "म्हणजे डिसेंबरात आवारात जाऊन मी त्या जेम्सशी गप्पा मारून आलो, तो आमचा नव्हेच?"
"नाही."
"सगळं सांगितलं मी त्याला. कीथचं पण."
सॉरी म्हणालो. चार-पाच वेळा.
"त्या पोराला, अकरा वर्षांच्या, कोणी विचारणारं आहे का?" माहीत नाही म्हणालो.
निघताना मनगट धरलं. "व्हिकरबाईंना इतक्यात सांगू नकोस. विल्यम शोध. तोवर तोंड बंद."
हो म्हणालो. नको म्हणायला हवं होतं. जागा गेली तर कीथ जाळणार. जागा राहिली तर माझ्या खोट्या कागदावर राहणार. दोन्ही माझ्यामुळे.

रवि. ३० जाने.
दिवसभर स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरलेले, चहाचा थेंब पडलेला तक्ताही. दी. चहा घेऊन मागे उभी राहिली. बराच वेळ.
"यात एकही बाई नाही."
"काय?"
"तुझ्या तक्त्यात. हेन्रीला आई नव्हती का? तुमच्या काकांची वंशावळही तशीच. आपल्या लग्नानंतर मी बघितली होती, माझं नाव कुठे आहे म्हणून. तुझ्या आईचंही नाही."
तक्ता पुन्हा वरून खाली वाचला.
मग दफनाच्या रजिस्टरमधून उतरवलेली यादी काढली. बायकांची नावं मी पेन्सिलीनेच ठेवली होती, शाईने उतरवलीच नव्हती. त्यात : हॅना हॅचेट, वय २९. हेन्री तेव्हा तीन वर्षांचा. कोणाची बायको ते लिहिलेलं नाही.
जेम्सची नाही, त्याची ॲन. मग कोणाची?
दी. : "जन्मदाखल्यावर आईचं नाव असतं ना? माझ्या ऑफिसातल्या ट्रेसीच्या मुलाच्या दाखल्यावर होतं."
असतं. हेन्रीचा जन्मदाखला मी कधी मागवलाच नाही. बाप सापडला होता ना.

शनि. ५ फेब्रु.
जन्मनोंदींच्या इंडेक्समध्ये त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात हेन्री जेम्स हॅचेट एकच. तीन वेळा तपासलं, दी.लाही बघायला लावलं. दाखला मागवला.
आई हॅना निघाली तर रॉनची खापरपणजी आवारातच आहे. भिंतीलगत की झाडाखाली, ते कोणाला माहीत नाही, पण आहे.
दुसरी कोणी निघाली तर काही नाही.
व्हिकरबाईंना पत्र टाकलं : तक्ता कृपया छापू नये, त्यातली नावं पुन्हा तपासतो आहे, दाखला आल्यावर स्वतः येऊन सांगतो. रॉनना दिलेला शब्द यात मोडतो की नाही, कळत नाही. तीन वाक्यांना दोन तास लागले.

मंगळ. ८ फेब्रु. संध्याकाळी ६.१०
पोस्टात दाखला नाही. गॅसचं बिल, पिझ्झावाल्याची जाहिरात.
रॉनकडे गेलो होतो. बोलायला दम लागतो. पत्राचं सांगितलं. वाटलं चिडतील. डोळे मिटून म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुझ्याच्याने राहवलं नसतं."
हॅनाबद्दलही सांगितलं. खात्री नाही हे दोनदा बजावलं.
"एकोणतीस," म्हणाले. "आणि पोर तीन वर्षांचं."
नर्स येऊन गेली. मग, "बाबा 'माणसं' म्हणायचे. नाव कधी सांगितलं नाही. बाईमाणूस असेल म्हणूनच."
व्हिकरबाईंचं उत्तर नाही. कीथ शुक्रवारी येतोय.

हिशोब
तीन दाखले : २१.००
बस, अकरा फेऱ्या : ४१.८०
प्रिंट, पेन्सिली, ए-थ्री कागद : ९.३५
एकूण : ७२.१५
त्यातले दी.कडून उसने : ४०.००. ती म्हणते संशोधनाचं अनुदान समज. समजत नाही, देणार.
रॉनना देणे : फ्रेमचे १८.००. आज पाकीट काढलं तर हात बाजूला सारला. म्हणाले, ठेव, फ्रेम चांगली आहे. मागच्या पिना काढल्या की कागद बदलता येतो.